सरणावरचं मढं खरंच उठून बसतं का?

दर दोन-चार महिन्यांनी एखादा व्हिडिओ फिरत येतो: चिता पेटली आहे आणि मृतदेहाचा हात हळूहळू वर येतोय. त्यावरची मतंही ठरलेली. 'जीव अडकला होता', 'इच्छा राहिली असणार', 'माणूस जिवंत होता, घाई केली'. खेड्यात सरण रचणाऱ्या जाणत्यांना यात नवल वाटत नाही. मढ्याच्या छातीवर आणि मांड्यांवर जड ओंडके ठेवतात, ते उगाच नाही. कारण विचारलं तर कुणी भुताखेतांवर जातं, कुणी म्हणतं, 'शिरा आखडतात.' हा दुसरा बराच जवळ पोचलाय.

आधी एक घोळ निस्तरू. मेल्यावर दोन-चार तासांत अंग ताठरायला लागतं, ते वेगळं. स्नायूला सैल व्हायलाही एटीपी हे रसायन लागतं; ते संपलं की स्नायूतले तंतू एकमेकांत अडकून बसतात. म्हणून तर घरातलं वडीलधारं माणूस लगेच डोळे मिटवतं, हातपाय सरळ करून पायांचे अंगठे बांधतं. उशीर झाला की ते जमत नाही. पण हा ताठरपणा हात आहे तिथे धरून ठेवतो, हलवत नाही. सरणावर हात हलवते ती उष्णता.

आता खरी गंमत. स्नायूंची वेष्टणं आणि त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या असतात. याचा एक रेणू म्हणजे तीन साखळ्यांचा घट्ट पीळ. लांबी सुमारे 300 नॅनोमीटर, जाडी जेमतेम दीड. पिळाच्या आत इतकी दाटी असते की साखळीतलं दर तिसरं अमिनो आम्ल (साखळीचा एकेक मणी) सगळ्यात लहान, म्हणजे ग्लायसीनच असावं लागतं. हा पीळ टिकतो हायड्रोजन बंधांवर, आणि ते बंध 60-65 अंश सेल्सिअसच्या आसपास सुटतात. बंध सुटले की ताणलेली सरळ काठी मोडून साखळ्यांचा वेडावाकडा गुंता होतो. असा गुंता होण्याच्या शक्यता असंख्य, सरळ राहण्याची जवळजवळ एकच. म्हणजे एंट्रॉपी, विस्कळीत होण्याकडचा निसर्गाचा कल, गुंत्याच्या बाजूने. शेजारचे रेणू एकमेकांना पक्के जखडलेले असल्यामुळे एक आखडला की सगळी कंडराच ओढली जाते आणि मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत येऊ शकते. स्नायूतलं मायोसीन हे प्रथिन तर त्याआधीच गोठायला लागलेलं असतं. मटण शिजताना तुकडा आकसून हाड उघडं पडतं, तीच ही क्रिया.

पण मग हात वरच का येतो? डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि मूठ आवळा. तळहाताच्या बाजूला मांसाचा जाड फुगवटा लागेल. आता बोटं ताठ करा. मागच्या बाजूला हालचाल लागते, पण मांस कमी. उष्णतेने दोन्ही बाजू आखडतात, जाड बाजू जिंकते. मुठी वळतात, कोपर दुमडतात, मुष्टियोद्ध्याचा पवित्रा दिसतो. जर्मनीत दाहगृहाच्या भट्टीत केलेल्या निरीक्षणांत हा पवित्रा साधारण दहा मिनिटांत दिसला होता. यासाठी जीव लागत नाही. लागतं ते मांस आणि आच.

कमरेतून ताठ उठून बसणं मात्र सांगोवांगीच. पाठीच्या कण्यालगतचे स्नायू जाडजूड. ते आखडले तर धड मागे कमान करेल. खालची लाकडं ढासळली की देह कलतो, आणि पाहणाऱ्याची बाकीची गोष्ट भीती पुरी करते.

तसंच कवटीचं. 'कवटी फुटल्याचा आवाज आला की निघायचं' ही गावोगावची रीत. आत वाफ कोंडून कवटीचा स्फोट होतो, असं शिकलेली माणसंही सांगतात. पण कवटी बंद मडकं नाही; मज्जारज्जू जातो ते भोक चांगलं अंगठा जाईल एवढं, शिवाय डोळ्यांमागच्या वाटा आहेत. हाड तापून सुकतं, त्यातला सेंद्रिय भाग जळतो, ते आकसतं आणि त्याला तडे जातात. कान फोडणारा आवाज आला तर आधी तिरडीच्या बांबूंवर संशय घ्यावा. पेरात कोंडलेली हवा तापली की बांबू फटाक्यासारखा वाजतो.

न्यायवैद्यकात या पवित्र्याला महत्त्व आहे. जळालेल्या घरात मुठी वळलेलं प्रेत सापडलं की 'मरताना झटापट केली' अशी कुजबुज होते. आधी मारून मग जाळलेल्या माणसाच्याही मुठी अशाच वळतात. म्हणून शवविच्छेदन करणारे डॉक्टर श्वासनलिकेत काजळी आहे का आणि रक्तात कार्बन मोनॉक्साइड किती आहे ते पाहतात. आग लागली तेव्हा श्वास चालू होता का, हे तिथे कळतं.