कोकणच्या पावसात अंगावर काय घालावे?

जुलै महिन्यात रत्नागिरीला निघालेल्या पाहुण्याच्या बॅगेत हमखास दोन जीन्स, जाड टी-शर्ट आणि एक रेनकोट असतो. रत्नागिरीत पावसाळ्याच्या चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि दिवसाचे तापमान तेव्हाही २८-२९ अंश सेल्सिअस असते. माणूस बाहेरून पावसाने आणि आतून घामाने भिजतोच. त्यामुळे भिजलेला कपडा किती वेळात वाळेल आणि त्यातून वारा किती खेळेल, हे आधी पाहावे.

एक ग्रॅम घाम त्वचेवरून उडून जाताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. नुसताच ओघळून गेलेला घाम अंगाला गारवा देत नाही. घाम किती वेगाने उडेल हे मुख्यतः त्वचेलगतच्या आणि बाहेरच्या हवेतील बाष्पदाबाच्या, म्हणजे हवेतल्या पाण्याच्या वाफेच्या दाबाच्या, फरकावर ठरते. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेलगत हा दाब सुमारे ५६ मिलिबार असतो. मे महिन्यात नागपुरात पारा ४४ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर बाहेरच्या हवेतील बाष्पदाब जेमतेम १४ मिलिबार भरतो. रत्नागिरीत २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना तो ३४ मिलिबार होतो. म्हणजे फरक ४२ वरून २२ वर येतो, आणि म्हणूनच पारा इतका खाली असूनही कोकणात अंगाची चिकचिक थांबत नाही. अशा वेळी खरा आधार वाऱ्याचा. सैल सदरा चालताना भात्यासारखा हलतो आणि अंगालगतची दमट हवा बाहेर ढकलतो. अंगाला चिकटलेल्या कपड्यात ही हवा कोंडून राहते आणि घामोळ्यांना आमंत्रण मिळते.

सुती की पॉलिएस्टर, या वादात कापडाची जाडी विसरली जाते. कापसाचा तंतू ज्याचा बनलेला असतो तो सेल्युलोज पाण्याला धरून ठेवतो. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कोरडे दिसणारे सुती कापडही वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी बाळगून असते, तर पॉलिएस्टरमध्ये ते अर्धा टक्काही नसते. म्हणून पॉलिएस्टर लवकर वाळते, पण त्याला घामाचा वासही लवकर धरतो. माझ्या मते पातळ, विरळ विणीचे सुती कापड प्रवासाला उत्तम, कारण मुळात त्यात पाणी मावतेच थोडे. जीन्स मात्र घरीच ठेवावी. दुहेरी शिवणी आणि खिशांच्या कडा दोन-दोन दिवस ओल्या राहतात, आणि तीच ओल जांघेतल्या गजकर्णाला पोसते.

रेनकोट पावसाचे पाणी अडवतो तसेच घामाचे बाष्पही अडवतो. महागड्या रेनकोटांतले, बाष्प बाहेर सोडणारे पातळ पडदेही आतल्या-बाहेरच्या बाष्पदाबाच्या फरकावरच चालतात, आणि तो फरक इथे तोकडाच असतो. भातलावणीसाठी वाकलेल्या बाईच्या पाठीवरचे इरले जवळून पाहावे: बांबूच्या कामट्यांची चौकट, तिच्यात दाबून बसवलेली पाने, डोक्यापासून कमरेपर्यंत छप्पर आणि खालून सगळे मोकळे. पाठ कोरडी राहते आणि वाराही लागतो. प्रवाशाला इरले नेता येणार नाही, पण मोठी छत्री हेच तत्त्व पाळते.

पायांची हेळसांड सर्वाधिक होते. बंद बुटांतले ओले मोजे दिवसभर पायात राहिले की बोटांच्या बेचक्यांतली त्वचा पांढरी, लिबलिबीत होते आणि चिखल्या होतात. अशा फाटलेल्या त्वचेतून साचलेल्या पाण्यातले लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही शरीरात शिरू शकतात. मागे पट्टा असलेल्या पावसाळी सँडल घालाव्यात. साधी स्लिपर पाऊलागणिक पोटरीवर चिखल उडवते, आणि जांभ्याच्या मातीतल्या लोहाचे तांबडे डाग पांढऱ्या लेंग्यावरून सहजासहजी जात नाहीत. त्यामुळे खालचा कपडा गडद असावा. वरचा मात्र फिक्या रंगाचा आणि पूर्ण बाह्यांचा बरा, कारण डास गडद रंगाकडे अधिक ओढले जातात.

राहिला प्रश्न वाळवण्याचा. कपडा फार वेळ दमट राहिला तर त्यात जिवाणू वाढतात आणि ओळखीचा कुबट वास येतो. त्यासाठी सोबत दोन पंचे ठेवावेत. धुतलेला सदरा कोरड्या पंच्यावर पसरावा, दोन्हींची घट्ट वळकटी करून ती पिळावी. सदऱ्यातले बरेच पाणी पंचा ओढून घेतो. मग सदरा हँगरवर, पंचा दोरीवर आणि खोलीतला पंखा रात्रभर चालू.