ओडर–नायसे सायकलमार्ग

जर्मनी व पोलंड यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या नायसे आणि ओडर या नद्यांच्या काठाने जाऊन बाल्टिक समुद्रावरील उझेडोम बेटापर्यंत पोहोचणाऱ्या दीर्घ पल्ल्याच्या सायकलमार्गास ओडर–नायसे सायकलमार्ग म्हणतात. जर्मनीच्या राष्ट्रीय सायकलमार्गांच्या जाळ्यात त्याला ‘डी-12’ हा क्रमांक आहे. त्याची लांबी सामान्यतः 630 किमी. च्या आसपास धरली जाते. मात्र काही ठिकाणी याहून बरेच लहान आकडे आढळतात. ही तफावत मोजणीतील चुकीमुळे नसून मार्गाचा आरंभ व शेवट कोठे मानायचा यावर अवलंबून आहे. चेक प्रजासत्ताकातील उगमाकडचा भाग वगळून त्सिटाउ या जर्मन शहरापासून मोजणी केल्यास सुमारे 55 किमी. कमी होतात आणि श्चेत्सिन खारकच्छ (ओडरच्या मुखाजवळील उथळ जलाशय) नौकेने ओलांडल्यास आणखी बरेच अंतर गळते.

नायसे नदी याब्लोनेत्स शहराजवळील नोव्हा व्हेस या गावाच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरांच्या आसपास उगम पावते. तिला वरच्या भागात अनेक लहान प्रवाह मिळतात व त्यांपैकी कोणता मुख्य मानावा याविषयी मतभेद संभवतो, पण सायकलमार्गाच्या दृष्टीने नोव्हा व्हेस हाच उगम रूढ झाला आहे. तेथून लिबेरेत्समार्गे नदी त्सिटाउजवळ येते व चेक प्रजासत्ताक, पोलंड आणि जर्मनी यांच्या त्रिसीमेपासून सीमानदी बनते.

मार्गाच्या नावातच असलेली ‘ओडर–नायसे’ ही सीमा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस कशी ठरली, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या इतिहासातील एक वादग्रस्त प्रश्न आहे. नायसे या नावाच्या एकाहून अधिक नद्या ओडरला डावीकडून मिळतात. सध्याची सीमा ज्या नदीवर आहे ती पश्चिम किंवा लुसेशियन नायसे होय. दुसरी, पूर्वेकडील नायसे क्वोत्स्को शहरावरून वाहत जाऊन ओपोले व ब्झेग यांच्या दरम्यान ओडरला मिळते. सीमा पूर्वेकडील नायसेवर ठरली असती, तर लोअर सायलीशियाचा मोठा भाग जर्मनीकडे राहिला असता आणि व्रोत्स्वाफ (तत्कालीन ब्रेस्लाउ) हे ओडरच्या दोन्ही काठांवर वसलेले शहर बहुधा दुभंगले असते. जुलै 1944 मध्ये सोव्हिएट सरकार व त्याच्या पाठिंब्याची पोलिश राष्ट्रीय मुक्ती समिती यांच्यात झालेल्या करारात सीमेचा उल्लेख ओडर व नायसे असा होता. फेब्रुवारी 1945 मधील ब्रिटन, अमेरिका व सोव्हिएट संघ यांच्या याल्टा परिषदेच्या निवेदनात पोलंडला उत्तरेस व पश्चिमेस भरीव प्रदेश मिळेल एवढेच नमूद झाले व नद्यांची नावे टाळली गेली. याच राष्ट्रांच्या ऑगस्ट 1945 च्या पॉट्सडॅम करारात मात्र ‘पश्चिम नायसे’ हे शब्द स्पष्टपणे आले, जरी अंतिम निर्णय शांतता तहावर सोपविला गेला.

ब्रिटिश व अमेरिकन मुत्सद्द्यांना दोन नायसे नद्या आहेत हे पुरेसे ठाऊक नव्हते आणि त्या गोंधळाचा लाभ सोव्हिएट पक्षाने घेतला, असे एक मत लोकप्रिय आहे. याउलट, याल्टा येथेच सोव्हिएट पक्षाने पश्चिम नायसेचा आग्रह उघडपणे मांडला होता व चर्चिल आणि रूझवेल्ट यांनी त्याला तेथेच हरकत घेतली होती, याकडे दुसऱ्या मताचे अभ्यासक लक्ष वेधतात. चर्चेच्या नोंदी पाहता हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पाश्चात्त्य राष्ट्रांनी पॉट्सडॅम येथे दिलेली संमती भौगोलिक अज्ञानाची नसून, पोलिश प्रशासन त्या प्रदेशात आधीच प्रस्थापित झाल्याच्या वस्तुस्थितीची होती.

यालाच लागून दुसरा, तुलनेने कमी चर्चिला गेलेला प्रश्न आहे : सीमा समुद्रापर्यंत नदीच्या सोबतीने का जात नाही? पॉट्सडॅम कराराच्या शब्दांनुसार सीमारेषा श्विनोउइश्चे (तत्कालीन श्विनेम्युंडे) याच्या लगत पश्चिमेकडून निघून ओडरच्या काठाने जाते. ओडरच्या मुख्यतः डाव्या काठावर वसलेल्या श्चेत्सिनचा (तत्कालीन श्टेटिन) त्यात उल्लेखही नाही. तथापि सोव्हिएट लष्करी प्रशासनाने जुलै 1945 च्या आरंभीच ते शहर पोलिश अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले होते. प्रत्यक्ष रेषा 21 सप्टेंबर 1945 रोजी श्वेरीन येथील बोलण्यांत आखण्यात आली व ती मेशेरिन गावाजवळ पश्चिम ओडर सोडून जमिनीवरून वायव्येकडे खारकच्छाकडे वळविण्यात आली. 1951 मध्ये श्विनोउइश्चेच्या पाणीपुरवठ्यासाठी उझेडोमवरील एका लहान भूभागाची अदलाबदलही झाली. सायकलस्वाराला मेशेरिनपाशी नदीचा निरोप घेऊन उकरमार्क या जर्मन प्रदेशाच्या टेकाडांत शिरावे लागते, त्याचे मूळ या आखणीत आहे.

सीमेला पूर्व जर्मनीने 6 जुलै 1950 रोजी झ्गोझेलेत्स येथील करारान्वये, पश्चिम जर्मनीने 1970 च्या वॉर्सा तहात मर्यादित अर्थाने आणि एकीकृत जर्मनीने 14 नोव्हेंबर 1990 च्या तहाने मान्यता दिली. 1972 ते 1980 हा काळ वगळता पूर्व जर्मनी व पोलंड या दोन साम्यवादी ‘मित्रराष्ट्रां’मधील ही सीमा सामान्य नागरिकांना सहज ओलांडता येत नसे, युद्धात उद्ध्वस्त झालेले अनेक पूल कित्येक दशके तसेच राहिले. उद्योग व महामार्ग काठापासून दूर राहिल्यामुळे मार्गाचे आजचे शांत, निर्मनुष्य रूप टिकले, असे म्हणता येते.

सलग सायकलमार्ग म्हणून त्याची आखणी 1990 च्या दशकात सुरू झाली असे सामान्यतः मानतात. तो एका दिवशी खुला झाला नाही, तर तुकड्यातुकड्यांनी जोडला गेला. त्याच्या बांधणीत पूरनियंत्रणाचा वाटा मोठा आहे. जुलै 1997 च्या महापुरात ब्रीस्को-फिंकनहेर्ड व आउरिथ येथे ओडरचे बांध फुटून त्सिल्टनडोर्फचा सखल प्रदेश पाण्याखाली गेला. होएनवुट्सेन येथील बांध सैनिक व स्वयंसेवकांनी वाळूच्या पोत्यांनी कसाबसा तारला. त्यानंतर बांधांचे व्यापक नूतनीकरण झाले. अशा बांधाच्या नदीकडील उतारावर पाणी मुरू न देणारा थर असतो, गाभा मातीचा असतो आणि जमिनीकडील पायथ्याशी झिरपणारे पाणी वाहून नेणारा भाग असतो. पुराच्या वेळी पोती व यंत्रे तातडीने नेता यावीत म्हणून बांधाच्या कडेने पक्का रस्ता ठेवावा लागतो. एरवी मोटारींना बंद असलेला हाच डांबरी रस्ता सायकलींना मोकळा मिळाला. म्हणूनच ब्रांडनबुर्ग राज्यातील पृष्ठभाग असाधारण सपाट व अखंड आहे. दुरुस्तीचे काम निघाले म्हणजे मार्ग बंद होऊन वळसा पडतो, त्याचेही कारण हेच. सॅक्सनीतील नायसे-काठाला 7 ऑगस्ट 2010 रोजी पोलंडमधील व्हिटका नदीवरील न्येदूफ धरण फुटल्याने मोठे नुकसान सोसावे लागले.

चढउतार प्रामुख्याने उगमाकडे आहेत. ग्योर्लिट्झपर्यंत नदी सुमारे 200 मीटर उंचीवर उतरते आणि फ्रांकफुर्टजवळ ओडर समुद्रसपाटीपासून अवघी वीस-बावीस मीटर उंच असते, त्यामुळे खालच्या भागात दक्षिणेकडून उत्तरेकडे जाण्यात उताराचा लाभ जवळजवळ उरत नाही. तेथे वारा अधिक निर्णायक ठरतो : तो बहुधा पश्चिमेकडून येतो आणि बांधाच्या उघड्या माथ्यावर बाजूने लागतो.

त्सिटाउनंतर ओस्ट्रिट्झजवळ 1234 मध्ये बोहीमियाची राणी कुनिगुंडे हिने स्थापन केलेला सेंट मारीएंथाल हा सिस्टर्शियन या ख्रिस्ती संघाच्या जोगिणींचा मठ मार्गालगत आहे. ओस्ट्रिट्झचे रेल्वेस्थानक सीमाबदलानंतर पोलंडमध्ये गेले. आजही त्सिटाउ–ग्योर्लिट्झ गाडीने येणारा प्रवासी पोलिश भूमीवरील क्शेविना झ्गोझेलेत्स्का येथे उतरतो व सायकल हाती धरून पादचारी पुलावरून जर्मन गावात येतो. ग्योर्लिट्झ व झ्गोझेलेत्स हे मूळचे एकच शहर असून त्यांना जोडणारा, 1945 मध्ये उडविलेला जुन्या गावातील पूल 2004 मध्ये पुन्हा उभा राहिला. बाड मुस्काउ येथील प्यूक्लर-मुस्काउ या संस्थानिकाने 1815 पासून घडविलेले भूदृश्य-उद्यान नदीच्या दोन्ही काठांवर पसरले आहे. त्याचा मोठा भाग पोलंडमध्ये असून 2004 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशात स्थान दिले. फोर्स्ट येथे मोडक्या पुलांचे खांब पात्रात अद्याप दिसतात. गुबेनचा ऐतिहासिक गाभा पोलंडमधील गुबिनमध्ये आहे.

राट्सडोर्फ येथे नायसे ओडरला मिळते. येथून पात्र रुंद होते व वस्ती विरळ. 1950 मध्ये पोलाद कारखान्यासाठी वसविलेले आयझेनह्युटनश्टाट, विद्यापीठाचे शहर फ्रांकफुर्ट आणि पलीकडचे स्वुबित्से ही ठिकाणे मागे पडल्यावर कोस्तशिनपाशी व्हार्टा नदी ओडरला येऊन मिळते. तेथील जुने तटबंद गाव 1945 मध्ये भुईसपाट झाले व पुन्हा बांधले गेले नाही; रस्त्यांच्या फरसबंदीवरून आणि घरांच्या पायऱ्यांवरून त्याचा आराखडा आजही ओळखता येतो. पुढे सुमारे 60 किमी. लांबीचा ओडरब्रुख हा सखल प्रदेश लागतो. प्रशियाचा राजा दुसरा फ्रीड्रिख याच्या कारकीर्दीत 1747 ते 1753 या काळात नदीसाठी नवे सरळ पात्र खोदून त्याचा निचरा करण्यात आला व तेथे वसाहतकऱ्यांची गावे बसविली गेली. बांधावरून जाताना एका बाजूस नदी आणि दुसऱ्या बाजूस काही ठिकाणी तिच्या पाण्याहून खालच्या पातळीवरील शेते दिसतात. याच भागातील शेकेर्की येथील वापराबाहेर गेलेला रेल्वेपूल 2022 पासून सायकलस्वारांना दोन्ही काठांदरम्यान ये-जा करण्यास खुला झाला आहे.

श्वेटच्या परिसरातील ‘खालचे ओडर खोरे’ या राष्ट्रीय उद्यानाची स्थापना 1995 मध्ये झाली. येथे नदी व बांध यांच्यामधील कुरणांत हिवाळ्यात पाणी शिरू देण्यासाठी दारे उघडतात आणि वसंत ऋतूत ती बंद करून पाणी काढून टाकतात. त्यामुळे याच वाटेवर नोव्हेंबरनंतर विस्तीर्ण जलाशय व उन्हाळ्यात गवताळ मैदान अशी दोन भिन्न दृश्ये मिळतात. शरद ऋतूत येथे क्रौंच पक्ष्यांचे थवे उतरतात.

मेशेरिननंतर मार्ग लोकनिट्झमार्गे युकरम्युंडेकडे जातो. चढउतार आणि अधूनमधून येणारी दगडी फरसबंदी यांमुळे हा भाग बांधावरील वाटेच्या तुलनेत दमवणारा आहे. युकरम्युंडेहून उझेडोमवरील कामिंके येथे हंगामी नौका जाते. अन्यथा आंक्लामवरून त्सेशेरिनच्या पुलाचा वळसा घ्यावा लागतो. त्या वाटेवरून, 1933 मध्ये पूर्ण झालेल्या आणि 1945 मध्ये उडविलेल्या कार्निन रेल्वेपुलाचा मधला उचलता भाग पाण्यात एकटा उभा दिसतो.

ओडरचे पाणी समुद्रास थेट मिळत नाही. ते खारकच्छातून पेने, श्विना व जिव्हना या तीन वाटांनी बाहेर पडते व त्यांच्यामध्ये उझेडोम आणि वोलिन ही बेटे आहेत. आल्बेक येथे मार्ग किनाऱ्यावर संपतो. बान्सिन, हेरिंग्सडोर्फ व आल्बेक यांना श्विनोउइश्चेशी जोडणारा सुमारे 12 किमी. चा किनारी पथ देशसीमा ओलांडून जातो. बान्सिनपासून वायव्येस जाणाऱ्या बाल्टिक किनारामार्गावर, समुद्रालगतच्या जंगलात, अनपेक्षितपणे तीव्र चढ आहेत. पूर्वेस श्विना ओलांडण्यासाठी 2023 मध्ये खुला झालेला बोगदा सायकलींना उपयोगी नसून नौकेनेच जावे लागते. पलीकडे वोलिन राष्ट्रीय उद्यानातील 90 मीटरांहून उंच समुद्रकडे आहेत व तेथून पोलिश किनाऱ्याने ‘व्हेलो बाल्टिका’ हा मार्ग पुढे जातो.

पोलिश काठावरही ‘ब्लू व्हेलो’ या नावाने ओडरचा मार्ग विकसित होत आहे, परंतु तो अद्याप सर्वत्र सलग नाही. जर्मन काठावर 2020 पासून आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा साथीचा रोग रोखण्यासाठी रानडुकरांविरुद्ध कुंपण घातलेले असून त्यातील फाटके सायकलस्वाराने स्वतः उघडून पुन्हा लावायची असतात. पोलंड 21 डिसेंबर 2007 रोजी शेंगेन या सीमातपासणीमुक्त युरोपीय क्षेत्रात आल्यापासून पुलांवरील नियमित तपासणी थांबली होती. जर्मनीने ऑक्टोबर 2023 पासून व पोलंडने जुलै 2025 पासून ती तात्पुरत्या स्वरूपात पुन्हा सुरू केली, म्हणून दोन्ही काठांवर ये-जा करणाऱ्याने ओळखपत्र जवळ बाळगणे आवश्यक ठरते.