छुपे व्यसन (प्रतिष्ठित वर्गातील)

नोकरी, व्यवसाय, संसार आणि नावलौकिक शाबूत असताना वर्षानुवर्षे चालणारे, घरच्यांच्याही उशिरा ध्यानात येणारे व्यसन.

दारुड्याचे चित्र समाजात पक्के आहे: रस्त्यात पडणारा, पगार उडवणारा. पैसा नेमक्या याच खुणा पुसतो. ड्रायव्हर असल्याने अपघात टळतो, बाटली घरपोच येते, सकाळची मीटिंग सहायक पुढे ढकलतो. ‘कामाचा ताण फार असतो त्यांना’ म्हणत घरचे सांभाळून घेतात. पुण्यातल्या कोरेगाव पार्क किंवा बाणेरच्या बंद दारांआड व्यसन असे दहा-पंधरा वर्षे टिकू शकते.

प्रमाण मोजताना ‘दोनच पेग’ या उत्तरावर विसंबू नये. ४२.८ टक्क्यांच्या ३० मिलि व्हिस्कीत सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते; घरी हाताने ओतलेला पेग सहज ९० मिलि भरतो. बाटली किती दिवसांत संपते, हे विचारावे. रक्त तपासणीत जीजीटी (यकृताचे एक विकर) आणि एमसीव्ही (तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान) दोन्ही वाढलेले असतील तर दारूचा विषय काढायलाच हवा.

झोपेच्या व चिंतेच्या गोळ्यांचे व्यसन याहून लपते, कारण त्याला वास नसतो. अल्प्राझोलम (चिंतेवरची) व झोलपिडेम (झोपेची) ही औषधे शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीत आहेत. केमिस्टला विक्रीची नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. पण दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या चार दुकानांत वाटल्या की एकाही वहीत पूर्ण हिशेब दिसत नाही.

सर्वांत मोठा धोका बोभाटा टाळण्यासाठी घरच्या घरी एकदम बंद करण्यात आहे. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत थरथर व घाम, ४८ तासांच्या आत फिट, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊ शकतो. यालाच बोलीत ‘टर्की’ म्हणतात. ती जिवावर बेतू शकते. खुब्याच्या ऑपरेशनसाठी दाखल झालेले गृहस्थ तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडू लागतात, तेव्हा कारण बहुधा हेच असते. भूलतज्ज्ञाला आधी खरे सांगितलेले असले तर हे टळते. सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) द्यावे लागते, नाहीतर मेंदूला कायमची इजा संभवते. अल्प्राझोलम तर डॉक्टरांच्या देखरेखीत, आठवडे-महिने घेऊन टप्प्याटप्प्याने कमी करावे.

येरवड्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केले. तिथला निवासी उपचार ३५ दिवसांचा असतो. मोठ्या पदावरचा माणूस अडतो तो या दिवसांपाशी: ऑफिसात काय सांगायचे? ‘वैद्यकीय रजा’ एवढे पुरते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. मात्र स्वतंत्र खोली, फोन आणि लॅपटॉपसह उपचार ही मागणी मान्य करू नये. पदाच्या आडोशानेच व्यसन वाढलेले असते आणि गटचर्चेत तो आडोसा सुटतो.

रुग्ण तयार नसला तरी पत्नी, पती किंवा मुले राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ वर आधी एकटी बोलू शकतात.