छळाचा शब्द खिडकीपाशी कसा आला

फ्रान्समधे ट्रेनमधे समोरच्या बाईंनी खिडकीला हात घालत "सा वू झेन?" असं विचारलं तर एवढंच समजायचं की उघडली तर चालेल ना, तुम्हाला त्रास नाही ना होणार. 'झेने' हे क्रियापद. बूट चावतोय, खुर्ची वाटेत येतेय, चारचौघांत कोणी आपलं कौतुक सुरू केलं आणि कुठे बघावं कळेना, सगळीकडे हेच. हात तंगीत असेल तरी माणूस 'झेने' असतो. मराठीतलं 'अडचण' बरंचसं जवळ जातं, कारण तीही खोलीत होते आणि पैशाचीही होते, पण तिच्यात 'अवघडणं' पण मिसळावं लागतं.

आता या शब्दाचं मूळ बघा. जुन्या फ्रेंचमधे 'जेहिन' म्हणजे कबुलीजबाब काढण्यासाठी केलेला छळ, आणि त्याच्या मुळाशी जर्मानिक घराण्यातलं 'कबूल करणे' या अर्थाचं क्रियापद. पुढे बायबलमधल्या नरकाचं नाव, 'जेएन', उच्चाराला जवळ म्हणून त्याची सावली पण यावर पडली. १६६७ साली रासीनच्या 'आंद्रोमाक' नाटकात राजा पिऱ्हुस आंद्रोमाकला "क वू म झेने!" म्हणतो, ते 'किती छळतेस मला' असं आहे, आजच्या कानाने ऐकलं तर बिचारा 'जरा सरकून बस' म्हणतोय असं वाटेल.

हे असं का होतं? बोलताना आपण वाढवून सांगतो, छोट्या त्रासाला मोठा शब्द लावतो, आणि सगळेच तसं करायला लागले की शब्दाची धार बोथट होते. संध्याकाळी "मेले बाई आज" म्हणत घरात शिरलेली बाई दोन मिनिटांत चहा टाकते, आणि 'भयंकर आवडलं' मधे भय कुठे उरलंय. फ्रेंचमधलं 'नाव्रे' तर जखमी करणे होतं, आता "झ स्वी नाव्रे" म्हणजे नुसतं सॉरी, उशीर झाला.

झेनेचा प्रवास सगळीकडे सारखा नाही झाला. कॅनडातल्या क्यूबेकमधे 'झेने' मूल म्हणजे लाजाळू मूल, कोणी आलं की आईच्या मागे लपणारं. आणि पॅरिसमधे कोणी रांगेत बिनधास्त पुढे घुसला की मागून आवाज येतो, "न वू झेने पा!" शब्दशः 'संकोच करू नका', पण सूर आपल्या "या या, तुमचीच तर वाट बघत होतो" वाला.