‘दुसरं कधी?’ या प्रश्नामागचा काळ

पहिलं मूल बालवाडीत जाऊ लागलं, की नाशिकमध्ये संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण हातात पडायच्या आधी विचारणा होते, “मग, दुसरं कधी?” विचारणाऱ्या काकूंच्या मनात वाईट काही नसतं. एकाला एक हवं, हे त्यांनी स्वतः अनुभवलेलं असतं. आमच्याही माळ्यावर लेकीच्या झबल्या-टोपऱ्यांचं गाठोडं आहे, डांबरगोळ्या घालून बांधलेलं. चार दिवाळ्या ते साफसफाईला खाली आलं, गॅलरीतल्या उन्हात पसरलं आणि ‘असू दे, लागेल’ म्हणत परत वर गेलं. म्हणून हा विषय मला नुसत्या आकड्यांचा वाटत नाही.

जुन्या नाशकात, पंचवटीतल्या वाड्यांमध्ये, दुसरं मूल कुणी ठरवत नसे, ते व्हायचं. मूल होत नसेल तर त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी होता, वणीच्या गडावर नवस होता, आणि ते दोन्ही आजही आहेत. ‘आता नको’ म्हणणाऱ्या बाईला मात्र जायला जागा नव्हती. ती जागा मराठी मुलखात र. धों. कर्वे यांनी तयार केली. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, नोकरी गमावली, अश्लीलतेचे खटले सोसले. मूल हवं की नको हे बाईने ठरवावं, हे ते स्पष्ट लिहीत. शंभर वर्षांनंतरही हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

सरकार या विषयात उतरलं 1952 मध्ये. कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेणारा भारत जगातला पहिला देश. पण पुढे बोलणं बाईवरून आकड्यावर सरकलं. भिंतींवर लाल त्रिकोण आला, आधी ‘दो या तीन’ आणि मग ‘हम दो, हमारे दो’. 1976 मध्ये, आणीबाणीत, तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आलं नाही. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यातल्या बहुसंख्य पुरुषांच्या. त्या जबरदस्तीची धास्ती अशी बसली, की पुढे पुरुष या कामातून जवळजवळ बाहेरच पडले. आज ‘ऑपरेशन झालंय’ म्हटलं की ते बाईचंच, हे कुणाला सांगावं लागत नाही. तांबी बसवायची तीही तिनेच.

‘दोन’ हा आकडा नंतर कायद्यातही आला. सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालेल्यांना ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निवडणूक लढवण्याची बंदी झाली. 2005 च्या नियमांनी सरकारी नोकरीलाही लहान कुटुंबाची अट लागली. आकडा आवळला, मुलाची हौस मात्र तशीच राहिली. त्यामुळे पहिली मुलगी असलेल्या घरात दुसऱ्या बाळंतपणावर सगळा भार आला. गर्भलिंगचाचणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988 मध्येच, देशात सर्वांत आधी केला होता. तरीही राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली 2001 मध्ये 913 होत्या, त्या 2011 मध्ये 894 वर आल्या. त्या काळात ‘दुसरं कधी’ याचा अर्थ कित्येक घरांत ‘मुलगा कधी’ एवढाच होता. ज्या बायकांनी हे भोगलं, त्यांच्यापुढे आकड्यांचं कौतुक करवत नाही.

आता तर चित्रच पालटलं आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा प्रजनन दर 1.7 आला, म्हणजे बाईमागे सरासरी दोनही मुलं नाहीत. थांबायचं कधी, याऐवजी आणखी एक झेपेल का, यावर बोलणं आलं. पाथर्डी फाट्यावरच्या वन बीएचकेत रात्री नवरा-बायको हिशेब मांडतात तेव्हा फ्लॅटचा हप्ता आणि शाळेची फी असतेच. पण गाडी अडते ती ‘सांभाळणार कोण’ इथे.

मातृत्व रजेच्या कायद्यात 2017 मध्ये झालेल्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते. पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघराची सोयही बंधनकारक आहे. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत दहा-वीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये काम करणारीला त्या पाळणाघराचा काय उपयोग? मग फोन जातो निफाडला, आईला. आणि आईच्या मागे द्राक्षबाग असते: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोड्या बहाराची. मधल्या पावसाळ्यात ती येऊन राहू शकते, तेही डावणी या बुरशीच्या रोगाने बाग धरली नाही तर.