सौम्य बोलायचं कुणी? संवादाच्या एका पद्धतीची पार्श्वभूमी

बेळगावात टिळकवाडीची काँग्रेस विहीर अजून आहे. डिसेंबर १९२४च्या अधिवेशनाला आलेल्यांना पाणी पुरावं म्हणून ती खोदली होती. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते याच अधिवेशनात. पुढं चारच महिन्यांनी, एप्रिल १९२५मध्ये, निपाणीत अस्पृश्यांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. अस्पृश्यतेबद्दल दोघांनाही चीड होती. पण एकाचा भर वरच्याचं मन पालटण्यावर, तर दुसऱ्याचा भर दबलेल्यानं स्वतःच्या पायावर उभं राहण्यावर. वरचढ आणि दबलेला यांनी एकमेकांशी बोलायचं कसं, हे आता ‘अहिंसक संवाद’ नावाच्या शिबिरांतून शिकवतात. त्या प्रश्नाची दोन्ही टोकं आपल्या जिल्ह्यानं शंभर वर्षांपूर्वी पाहिली आहेत.

शिबिरांतली पद्धत अमेरिकेत घडली. ती घडवणाऱ्या मार्शल रोझेनबर्ग यांचा जन्म १९३४चा, ज्यू घरातला. १९४३ साली डेट्रॉइटमध्ये वंशदंगल पेटली. ३४ माणसं मेली, त्यातली २५ कृष्णवर्णीय. छोटा मार्शल तेव्हा घरात कोंडलेला. पुढं शाळेत आडनाव कळताच पोरांनी त्यालाही मारलं. दुसऱ्याला छळून काहींना आनंद का होतो, आणि तशाच दिवसांत काही जण मायेनं कसे वागू शकतात, हा प्रश्न त्यांना जन्मभर पुरला. १९६१ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातून मानसशास्त्राची डॉक्टरेट घेतली. समोरच्याचं मन लावून ऐकणं हेच औषध मानणारे कार्ल रॉजर्स त्यांना तिथं भेटले. साठच्या दशकात गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा एक होताना जे तंटे उठले, त्यांत मध्यस्थी करता करता पद्धत आकाराला आली. नाव ठेवलं ‘अहिंसक संवाद’. त्यातली अहिंसा गांधीजींची. १९८४ साली त्यांनी संस्था काढली.

पद्धत चार पायऱ्यांची आहे. काय घडलं ते दोष न लावता सांगायचं, मग मनात काय होतंय ते, मग कुठली गरज अडलीय ते, आणि शेवटी नेमकी विनंती. त्या शेवटच्या पायरीवर रोझेनबर्ग यांनी फार महत्त्वाची खूण करून ठेवली आहे. ‘नाही’ म्हणणाऱ्याला शिक्षा होणार असेल, तर ती विनंती नव्हे, हुकूम.

याच खुणेपाशी पुढच्या पिढीचा वाद सुरू झाला. हीच पद्धत शिकवणाऱ्या मिकी कश्तान यांनी सत्तेचा प्रश्न मध्यभागी आणला. कॅरिबियन वंशाच्या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ रॉक्सी मॅनिंग यांनी वंशभेद सोसणाऱ्यांच्या बाजूनं ही पद्धत तपासली. बोलणाऱ्याचा हेतू चांगला होता एवढ्यानं भागत नाही, ऐकणाऱ्याला काय सोसावं लागलं तेही बघायला हवं. मला ही दुरुस्ती मूळ पद्धतीइतकीच मोलाची वाटते. नाहीतर ‘शांतपणे बोल’ हा उपदेश नेहमी खालच्यालाच मिळतो.

सीमाभागात कोण वरचा आणि कोण खालचा, हे दाराबरोबर बदलतं. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव, खानापूर, निपाणी हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. या सीमावादावर १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, पुढल्या वर्षी अहवाल आला, २००४पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. दरवर्षी १ नोव्हेंबरला एका रस्त्यानं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक जाते, दुसऱ्या रस्त्यानं मराठी माणसांची काळ्या दिनाची फेरी. कचेरीच्या खिडकीपुढं कन्नड अर्ज हातात धरून उभा मराठी माणूस आवाज चढवतो, तेव्हा त्याला कुणी चार पायऱ्या शिकवू नयेत. राज्यघटनेचं कलम ३५० त्याला राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क देतं. आधी तो हक्क त्याच्या हाती पडू दे.

तोच माणूस घरी येतो तेव्हा मात्र वरचा असतो. शेतावरच्या गड्याशी आणि विड्या वळणाऱ्या बाईशी तो मराठीतच बोलतो, आणि ‘नाही’ ऐकायची त्याला सवय नसते. हे आम्ही सीमावासीयांनी मोकळेपणानं बोलायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

निपाणीत माझी आत्या विड्या वळायची. मांडीवर सूप, एका हातात कात्री, ओलवलेल्या पानावर पत्र्याचा फर्मा. मजुरी हजारामागं. संध्याकाळी मुनीम विड्या तपासायचा आणि मूठभर बाजूला सारून म्हणायचा, “छाट.” छाटीचे पैसे नाहीत, विड्याही परत नाहीत. एकदा आत्या अगदी हळू आवाजात म्हणाली, “दादा, आज दीडशे काढलासा. पानच फाटकं आलंतं. माझ्या पोटाला चिमटा बसतोय बघा. माझ्या म्होरं परत मोजा की.” तिनं कुणाला शिवी दिली नाही, दोषही दिला नाही. मुनीम म्हणाला, “उद्यापासून पान न्यायला येऊ नकोस.”

दुसऱ्या दिवशी ती गेली. गल्लीतल्या अकराजणी तिच्याबरोबर होत्या, आणि प्रत्येकीनं सूप रिकामंच आणलं होतं. आत्यानं आदल्या दिवशीचंच वाक्य पुन्हा म्हटलं, तितक्याच हळू. मुनीम खाली बसला आणि मोजू लागला.