मलकापूर कुठं आहे?

‘आमचं मूळ घर मलकापूरचं’ असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जात असेल, तर माणूस सरळ नकाशा उघडतो. बुलढाण्यातलं मलकापूर सापडतं, कऱ्हाडजवळचं सापडतं. दोन्हीकडे जाऊन चौकशी करतो, ग्रामदैवताला नारळ फोडतो आणि हात हलवत परत येतो. या मलकापूरसाठी पुण्याबाहेर पाऊल टाकायची गरजच नव्हती, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. पुण्याच्या रविवार पेठेचं जुनं नाव मलकापूर. तशीच शुक्रवार पेठ म्हणजे विसापूर, शनिवार म्हणजे मुर्तझाबाद, आणि गुरुवार पेठ म्हणजे वेताळ पेठ.

पूर्वजाचं घर शोधताना पहिली ठेच लागते ती अशी. पेठेचं नाव बदललेलं असतं. पेठेतली आळी रस्तारुंदीत गेलेली असते. ज्या कागदात ती आळी जिवंत आहे तो मोडी लिपीत असतो, आणि मोडी घरात कुणालाच येत नाही.

इंग्लंडमधल्या माणसाला हे काम पुष्कळ सोपं जातं. तिथं १८४१ पासूनच्या जनगणनेच्या घरोघरच्या वह्या जपून ठेवल्या आहेत आणि शंभर वर्षं झाली की त्या लोकांसाठी खुल्या होतात. अमेरिकेत ७२ वर्षांनी खुल्या होतात. १९५० सालच्या वह्या एप्रिल २०२२ मध्ये बाहेर आल्या, तेव्हा त्यातली हस्ताक्षरातली नावं आधी संगणकाकडून वाचून घेतली होती. आपल्याकडे पहिली देशव्यापी जनगणना १८७२ च्या सुमाराची. पण तिचे छापील तक्ते मिळतात, घरोघरचे कागद नाहीत. पुढं १९४८ च्या कायद्यानं व्यक्तीची माहिती गुप्तच ठरवली. म्हणजे कुठल्या शहरात किती लोक होते ते कळतं, पण त्यात आपले खापरपणजोबा कोणते ते कळत नाही.

गंमत अशी, की इंग्रजांच्या आधीचे कागद इथं जास्त कामाला येतात. पेशवाईत खानेसुमारी होत असे. खाना म्हणजे घर, सुमारी म्हणजे मोजणी. डोकी मोजायची ती शिरगणती, घरं मोजायची ती खानेसुमारी. पेठेवार घरमालकाची नावं, कुठं जात, कुठं धंदा, कुठं घर किती खणांचं तेही. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही ‘पेशवे दफ्तरात’, असे कागद रुमालांत बांधून ठेवले आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं गाठोडं. एकेका गाठोड्यात कशाच्या शेजारी काय निघेल याचा नेम नाही.

आता वाचायचं कसं? मोडीचं वर्णन बहुतेक जण ‘वळणदार लिपी’ म्हणून करतात आणि तिथंच थांबतात. खरी अडचण वळणाची नाहीच. लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरं टांगत जातो. हात शक्यतो उचलायचा नाही. त्यामुळे काना, मात्रा, पुढचं अक्षर सगळं एका झटक्यात येतं. शब्द संपला म्हणून जागा सोडायची पद्धत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. विरामचिन्हं नाहीत. म्हणून कागदावर ‘बाळाजिवनकर’ असं दिसलं, तर तो बाळाजी वनकर की बाळा जीवनकर? अक्षरं सगळी बरोबर लागलेली असतात आणि तरीही माणूस सापडत नाही.

नमुन्यादाखल मीच रचलेली एक ओळ बघा. कागदावर ती साधारण अशी दिसेल:

घर१खण३॥रामजिबिनसखोजितांबट

फोडली की कळतं: घर एक, खण साडेतीन, रामजी बिन सखोजी तांबट. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. त्या दोन उभ्या रेघांकडे मात्र नीट बघा. आकड्यानंतर ‘॥’ आलं तर तो अर्धा; एक रेघ म्हणजे पाव, तीन म्हणजे पाऊण. आणि हेच ‘॥’ अक्षरानंतर आलं तर शब्द तोडून लिहिल्याची खूण: ‘क॥’ म्हणजे कसबे. नवशिका वाचक कसब्याचं साडेक करतो. मीही केलं आहे. हसू नका, सगळेच करतात.

यातून सुटायची युक्ती साधी आहे. अक्षर ओळखायला बसायचंच नाही, कारकुनाचा हात ओळखायला बसायचं. प्रत्येक यादीत काही शब्द ओळीओळीला येतात: घर, खण, पेठेचं नाव, बिन. हे शब्द काय असणार हे आपल्याला आधीच माहीत असतं. त्यांतून या एका माणसाचा ‘र’ शेवटी कसा वळतो, ‘ख’चा गोळा कसा येतो, याचा तक्ता करायचा. मोडीतला ‘र’ तर शेजारचं अक्षर बघून रूप बदलतो, त्यामुळे पुस्तकातली बाराखडी घेऊन बसलात तर दिवसभरात चार ओळी होतील. त्याच कारकुनाच्या पन्नास ओळींतून केलेला तक्ता हाताशी असला, की अडलेलं आडनाव हळूहळू सुटायला लागतं. अडलेलं अक्षर दुसऱ्या कारकुनाच्या कागदाशी कधी ताडू नये. दोन हात म्हणजे जवळजवळ दोन लिप्या.

काळ ठरवणं हा वेगळाच खेळ. या कागदांत साल बहुधा अरबी शब्दांत असतं, आणि उलटं: आधी एकं, मग दहं, मग शेकडा, मग हजार. ‘सलास तिसैन मया व अलफ’ म्हणजे तीन, नव्वद, शंभर आणि हजार, अर्थात ११९३. हा शुहूर सन. तो मृगाला, सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा बदलतो; शेतकऱ्याचं वर्ष जिथं सुरू होतं तिथंच. यात ५९९ मिळवले की १७९२. पण कागद जानेवारी ते मृगाच्या मधला असेल तर ६०० मिळवायचे, म्हणजे १७९३. महसुलासाठी वापरला जाणारा फसली सन असेल तर मिळवायचा आकडा ५९०. एकाची बेरीज दुसऱ्याला लावली तर नऊ वर्षांची चूक होते, आणि नऊ वर्षांत घरमालक वारतो, मुलाचं नाव चढतं.

कागद डागाळलेला असला तर हातातला फोन मदतीला येतो. जुने मोडी कागद बहुधा काजळाच्या शाईनं लिहिलेले असतात. काजळ म्हणजे कार्बन, तो उडत नाही. पाण्यानं पसरतो, पण फिका पडत नाही. पाण्याचे, मधाळ-तपकिरी डाग लाल प्रकाश भरपूर परत फेकतात, काजळ मात्र कुठलाच रंग परत फेकत नाही. म्हणून फोटो काढून त्यातला फक्त लाल रंगाचा थर (चॅनल) ठेवला, की डाग कागदाइतका उजळ होतो आणि अक्षर काळंच राहतं. फोटो सुधारायच्या बऱ्याच ॲपमध्ये हे होतं. इंग्रजी अमदानीतल्या लोहयुक्त शाईचं मात्र उलटं. ती जुनी होऊन स्वतःच तपकिरी झालेली असते, त्यामुळे लाल थरात डागाबरोबर तीही नाहीशी होते. तिच्यासाठी निळा थर घ्यायचा. मोठ्या ग्रंथालयांत अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशातले कॅमेरे असतात, ते याच तत्त्वाचं पुढचं टोक: काजळ अवरक्तातही काळं दिसतं, लोहाची शाई पारदर्शक होत जाते.

आणि यंत्र? युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, मोडीला २०१४ साली जागा मिळाली. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीतल्या संशोधकांनी मोडी कागदांची दोन हजारांवर छायाचित्रं देवनागरी वाचनासह एकत्र केली, यंत्राला शिकवण्यासाठी. हे काम मोलाचंच आहे. पण यंत्र पुढचा शब्द कोणता असेल याच्या अंदाजावर चालतं. ‘आज्ञा’ आली की ‘प्रमाणे’ येणार हे त्याला कळतं. आडनावाला असा अंदाज लागत नाही, आणि आपल्याला हवं असतं नेमकं आडनाव. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्या माणसांना एकाएकी जी मागणी आली, ती उगाच नाही.

समजा, नाव सापडलं. घर कुठं होतं? यादीत पत्ता नसतो. पण यादीला क्रम असतो. मोजणारा माणूस पायी फिरतो, आणि पायी फिरणारा एका घरातून उडी मारून पेठेच्या दुसऱ्या टोकाला जात नाही. म्हणजे घरांचा क्रम हाच रस्ता, फक्त तो कागदावर सरळ पसरलेला. इंग्लंडच्या जनगणनेचे अभ्यासक हीच वाट वापरतात. खानेसुमारीत मात्र हे आधी तपासून घ्यावं लागतं, कारण काही याद्या रस्त्यानं न जाता जातीनं किंवा धंद्यानं लावलेल्या असतात. सगळे तांबट एकत्र दिसले तर ती तांबट आळी असेल, नाहीतर कारकुनाची सोय.

तपासायचं तर खुंट्या हव्यात. यादीत मध्येच एखादं देऊळ, हौद, पार येतो, ज्याची जागा आजही ठाऊक आहे. अशा दोन खुंट्या क्रमात जिथं याव्यात तिथंच आल्या, तर यादी रस्त्यानं चालली आहे असं मानायला हरकत नाही, आणि मग आपलं घर त्या दोघांच्या मध्ये कुठंतरी. पुणं या बाबतीत उदार आहे. इथले मारुती आणि गणपती नुसते मारुती-गणपती नसतात: सोन्या, जिलब्या, पत्र्या, भिकारदास, गुपचूप. अशी नावं सहसा हलत नाहीत. फडके हौदाचा चौक आजही रिक्षावाल्याला नुसता सांगितला की कळतो. वाड्यांवर मात्र भरवसा ठेवू नये. बुधवारवाडा १८७९ मध्ये जळाला. नदीकाठच्या पेठांत १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरानं तर खुंट्याच काय, आख्ख्या आळ्या नेल्या. ‘बखळ’ हा शब्द पुण्यात पत्त्यांत का येतो हे अशा वेळी कळतं. घर पडून मोकळी राहिलेली जागा, आणि तिलाही आडनाव.

शेवटचा टप्पा नकाशाचा. जुना नकाशा स्कॅन करून आजच्या उपग्रहचित्रावर बसवायचा. क्यूजीआयएस हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर त्याला पुरतं. दोन्हीकडे ओळखू येणारे बिंदू जुळवायचे: शनिवारवाड्याचे बुरूज (१८२८ च्या आगीतून तट वाचला), ओंकारेश्वर, तांबडी जोगेश्वरी, विश्रामबागवाडा. गणिताला तीन बिंदू पुरतात, पण तीनच घेतले तर चूक दिसतच नाही. तिन्ही हुकमी बसतात आणि मधलं सगळं वाकडं राहतं. आठ-दहा घ्यावेत, चहूकडे विखुरलेले. मग प्रत्येक बिंदू किती मीटर हुकला ते सॉफ्टवेअर सांगतं. एखादाच बिंदू फार हुकला तर बहुधा तो बिंदूच चुकीचा: देऊळ तेच, जागा बदललेली. एका भागातले सगळेच बिंदू एका दिशेला सरकत असतील तर दोष बहुधा कागदाचा. कागद लांबीत आणि रुंदीत सारखा आकसत नाही, घडीवर तर ताणलाच जातो.

एवढं करून फोन हातात घेऊन पेठेत गेलात, तर निळा ठिपका सांगतो की तुम्ही पोहोचलात. तो ठिपका स्वतःच पाच-दहा मीटर इकडे-तिकडे असतो, उंच इमारतींच्या बेचक्यात आणखी. जुन्या नकाशाची चूक धरा पाच-सहा मीटर. आणि बोळ असतो जेमतेम सहा फुटी. म्हणजे चुकीच्या वर्तुळात तो बोळ, त्याच्या दोन्ही बाजूंची घरं आणि मागची न्हाणी एवढं सगळं मावतं. विसाव्या शतकात पेठा चिरत लक्ष्मी रस्ता गेला तिथं तर ते वर्तुळ आज साड्यांच्या दोन दुकानांवर आणि मधल्या रहदारीवर पडतं.

तिथं फोन खिशात टाकायचा आणि खुंट्या मोजायच्या. देवळापासून यादीत अकरावं घर, साडेतीन खणांचं. खण सुताराच्या लाकडावर ठरतो, साधारण पाच-सहा फूट. आधीच्या दहा घरांचे खण यादीत दिलेले असतातच. बेरीज करायची, पावलं टाकायची. दुकानदार विचारतो, ‘काय हवंय?’